प्रेषकास परत

लिफाफ्याच्या डाव्या कोपऱ्यात माशाचं एक खवलं चिकटलं होतं — नखाएवढं, ओलं, कडेला निळसर — आणि शिकदारसाहेब मघापासून त्या खवल्याकडेच पाहत होते, कारण त्याच्या शेजारी जे अक्षर होतं त्याकडे पाहायचं नव्हतं. हालिमाचं हे नेहमीचंच. विळीवरून तशीच उठायची, तशाच हातांनी दार उघडायची आणि जे काही येईल ते तशाच हातांनी टेबलावर आणून टाकायची. वीस वर्षं सांगून झालं, पालथ्या घड्यावर पाणी.

"दक्षिणेकडची कुणी बाई आलीय, साहेब. डावा पंजा अर्धाच आहे तिचा. आत ये म्हटलं तर येईना," एवढं सांगून ती माशांकडे परतलीही होती. स्वयंपाकघरातून पितळी पातेल्यात जिवंत कोई माशांची धडपड ऐकू येत होती... टण्‌, मग शांतता, मग पुन्हा टण्‌.

अक्षर गोल, सरळ, फळ्यावर काढावं तसं. 'श्री. आबदुर रकीब शिकदार यांस.' वर उजवीकडे 'व्यक्तिगत', त्याखाली दोन रेघा. आणि या सगळ्यावर आडवा, अकरा वर्षांत जरा फिका पडलेला जांभळा शिक्का: 'न उघडता प्रेषकास परत. मुख्य सल्लागारांचे कार्यालय.' शिक्क्यावरचा मजकूर शिकदारसाहेबांनी स्वतः लिहून दिला होता. 'न उघडता' हे दोन शब्द घालावेत की नाही यावर त्यांनी तेव्हा चांगली दहा मिनिटं खर्च केली होती.

नव्वद दिवस. मुन्सफापासून सुरुवात, मग जिल्हा, मग उच्च न्यायालय, शेवटी सरन्यायाधीश — एकेचाळीस वर्षांची नोकरी, पण लोकांच्या लक्षात राहिले ते त्यानंतरचे नव्वद दिवस. दोन्ही पक्षांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, म्हणून निवडणुकीपुरतं राज्य एका निवृत्त न्यायाधीशाच्या हवाली करायचं, 'मुख्य सल्लागार' या नावानं. नवरा-बायको भांडली की घराची किल्ली शेजारच्या म्हाताऱ्याकडे ठेवतात तसं. आणि म्हाताऱ्यानं किल्ली नीट सांभाळली. मतदान सुरळीत झालं, हरलेल्यांनी रडारड केली, जिंकलेल्यांनी ढोल वाजवले, परदेशी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि अजूनही लग्नाकार्यात कुणीतरी अनोळखी माणूस जवळ येऊन म्हणतोच, "सर, तुमच्यासारखा निःपक्षपाती माणूस..." शिकदारसाहेब मान जराशी झुकवतात. सवयीनं.

आज चार वाजता चौकशी आयोगाचे मृधा यायचे होते, टंकलेखकाला घेऊन. माजी सरन्यायाधीशाला साक्षीला कचेरीत कसं बोलवायचं, म्हणून आयोगच घरी. निवेदन तयार होतं, दीड पान, आणि त्यातलं एक वाक्य नऊ दिवस घासूनपुसून लख्ख केलेलं: 'हरिणखोला येथील संभाव्य हिंसेबाबत कोणतीही पूर्वसूचना माझ्या वाचनात आली नाही.' वाचनात. खोटं कुठंच नाही त्यात.

ते उठले. चष्मा पुसला. व्हरांड्यात गेले.

पायरीपाशी, चपलांच्या मांडणीशेजारच्या स्टुलावर साठी ओलांडलेली एक बाई बसली होती, किनार विटलेल्या पांढऱ्या साडीत, उजव्या हातानं डावा हात मांडीवर झाकून.

"कनक?"

"ओळखलंत. मला वाटलं, हात बघूनच ओळखाल."

"आत ये ना. अशी पायरीवर काय..."

"नको, रकीबदा. रात्रभर लाँचमध्ये होते, सदरघाटाच्या धक्क्यावरचा चिखल आहे पायांना. बरी आहे मी इथं."

निरोद मास्तरांची मुलगी. हरिणखोल्याच्या कोळ्यांमध्ये पहिला पदवीधर झालेला तो माणूस, ज्यानं गावाच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि नदीपलीकडच्या एका मुसलमान शेतकऱ्याच्या पोराला, रकीबला, मॅट्रिकच्या वर्षी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पोर सोळा वर्षांचं होतं, ही सहा. त्याच्या शाईच्या दौतीत हिनं एकदा झुरळ बुडवलं होतं.

"चौकशीवाले साहेब आज तुमच्याकडे येणार म्हणून कळलं," कनक म्हणाली. "मला उद्या बोलावलंय. म्हटलं, आधी तुमच्याकडे जावं. पोलिसांच्या कागदात त्या दिवसाला काय म्हटलंय ठाऊक आहे? दोन गटांतली मारामारी. आणि बाबांचं नाव आरोपींमध्ये आहे, चार नंबरला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, रकीबदा. धोतराचा सोगा आवरत नव्हता त्यांना. आणि म्हणे भाला घेऊन धावून गेले."

"ते मला... ते आयोग बघेलच."

"आयोग कागद बघतो. वकील म्हणाला, हल्ल्याआधी मास्तरांनी संरक्षण मागितल्याचा एक तरी कागद आणा, मी ते नाव खोडून दाखवतो. माझ्याकडे कागद एवढाच. टपालाचा शिक्का आहे त्यावर, तारीख आहे. पण मी उघडला तर म्हणतील, मागाहून आत भरलं. तुमच्या नावाचा आहे, तुम्हीच उघडायचा. त्यांच्यासमोर."

"आत काय आहे?"

"मला काय माहीत. दार लावून लिहीत होते. विचारलं तर म्हणाले, रकीबला शाळेचं कळवायचंय."

शाळेचं. शिकदारसाहेबांना पायाखाली एकदम जमीन लागल्यासारखं वाटलं.

"मग हे थेट आयोगाला द्यायचंस. माझ्याकडे का ठेवतेस?"

कनक म्हणाली, "बाबांच्या विद्यार्थ्यावर मागून वार नाही करणार मी. मी इथं बसते, चार वाजेपर्यंत. तुमची हालिमा चांगली आहे, मुरमुरे देते म्हणाली."

त्याच क्षणी — आणि हे शिकदारसाहेबांनी नंतर दिवसभर स्वतःपासून लपवायचा प्रयत्न केला — तिला पायरीवरून ढकलून द्यावं असं त्यांना वाटलं. दोन्ही हातांनी, छातीवर. तीनच पायऱ्या, पण डोकं सिमेंटवर आपटेल, मागच्या बाजूला, दोन इंच बाय अर्धा इंच, हाडापर्यंत खोल... ते वळून आत आले आणि दार लोटून घेतलं.

जखम मोजायची ही सवय सत्र न्यायालयातली. सरकारी डॉक्टर जखमांची यादी देतो, लांबी, रुंदी, खोली. न्यायाधीशानं ती निकालपत्रात जशीच्या तशी उतरवायची. नदीच्या वाळवंटाच्या तुकड्यासाठी भावाला कोयत्यानं तोडणारा एक जण त्यांच्यासमोर आला होता. सतरा जखमा. कोयता टेबलावर ठेवला होता आणि त्याच्या मुठीला अजून केस चिकटलेले होते. शिकदारांनी एकेक जखम मोठ्यानं वाचली, आवाज न बदलता, आणि निकालाच्या शेवटी फाशी लिहून दुपारी व्यवस्थित जेवले. अकरा जणांना फाशी दिली त्यांनी. अकराही निकाल वर टिकले. जखमेला माप दिलं की ती जखम राहत नाही, नोंद होते. एकेचाळीस वर्षं ते याच्यावरच तर जगले.

आणि आता आयोगानं पाठवलेली फाइल. निळी, जाड. दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात, विजयाची मिरवणूक हरिणखोल्यात शिरली. ढोल पुढं, मागं कोयते, रॉकेलचे डबे. गावानं हरलेल्या पक्षाला मत दिलं होतं, एवढंच. आधी जाळी पेटवली, मग होड्या, मग तेवीस घरं. शाळेतले बाक बाहेर ओढून त्यांचीच होळी केली आणि दोन माणसांना त्यात हातपाय धरून फेकलं. एकजण उठून धावला तर त्याला भाल्यानं परत आत ढकललं. प्रेत क्रमांक तीन, वय अंदाजे ऐंशी. मानेवर डाव्या बाजूला पाच इंच बाय दीड इंच, मणक्यापर्यंत. उजव्या पंज्यावर तीन. कपाळावर एक. प्रेत क्रमांक तीनच्या छातीखाली शाळेचं हजेरीपुस्तक सापडलं. आणि जखमींच्या यादीत, सातव्या ओळीवर: स्त्री, वय छप्पन्न, डाव्या हाताची तीन बोटं मुळापासून छाटलेली, वार अडवताना. वडिलांवरचा वार. मुलींचं फाइलीत वेगळं प्रकरण होतं. ते त्यांनी उघडलं नव्हतं.

उघडलं नव्हतं... बघा, पुन्हा तोच शब्द.

लिफाफा टेबलावर होता. खवलं वाळत आलं होतं, त्याची एक कड वर उचलली होती.

तारखा सरळ होत्या. सोमवारी मतदान. मंगळवारी मास्तरांनी पत्र टाकलं. शुक्रवारी ते ढाक्याला पोचलं आणि शुक्रवारीच परत फिरलं. पुढच्या बुधवारी मिरवणूक. गुरुवारी टपालवाल्यानं परत आलेलं पत्र कनकला दवाखान्यात नेऊन दिलं, कारण द्यायला घर नव्हतं. म्हणजे शुक्रवार ते बुधवार — पाच दिवस. दोन लाँचभर पोलीस पाठवायला एक दिवस पुरला असता.

पण नियम म्हणजे नियम. न्यायाधीशानं एका पक्षाचं बाजूला बसून ऐकायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, खाजगी पत्र तर नाहीच. हा सोवळेपणा त्यांनी नव्वद दिवसांतही सोडला नाही. टेबलावर टोपल्या दोन. सरकारी अर्ज असेल तर तो 'कार्यालय' टोपलीत, तिथून त्या त्या खात्याकडे. खाजगी असेल तर 'परत'. भाऊबंद, सासुरवाडी, जुने वर्गमित्र — सगळ्यांची पत्रं परत. बायकोच्या, दिलाराच्या, मामांनी तर त्यानंतर बोलणंच टाकलं. मास्तरांनी साधा अर्ज केला असता तर तो गृहखात्यात गेला असता, कुणीतरी वाचला असता. पण मास्तरांना भीती ही की अर्ज कारकुनांच्या हातांतून जातो, उद्या ठाण्यात कळेल कुणी लिहिलं ते. रकीबच्याच हातात पडावा म्हणून वर लिहिलं 'व्यक्तिगत'. आणि नेमक्या त्या एका शब्दामुळे...

मास्तरांना नियम माहीत नव्हता असंही नाही. रकीब मुन्सफ म्हणून पहिल्या नेमणुकीवर असताना मास्तरांनी खजुराच्या गुळाचं मडकं पाठवलं होतं, एका नावाड्याबरोबर. त्या नावाड्याचा दावा निघाला रकीबच्याच कोर्टात. मडकं त्याच पावली परत. आठ दिवसांनी मास्तरांचं कार्ड आलं: 'योग्य केलंस. गूळ आम्ही खाल्ला. कनकनं जास्त खाल्ला.' ते कार्ड शिकदारांनी पुढं प्रत्येक बदलीत बरोबर नेलं.

आणि शिवाय... टोपल्यांचं काम बोरहानचं होतं. खाजगी सचिव बोरहान. टपाल तो निवडायचा, शिक्का तो मारायचा; शिकदारसाहेबांच्या टेबलापर्यंत 'परत'मधलं काही येतच नसे. बोरहान बिचारा चार वर्षांपूर्वी गेला. मग कुणाला विचारायचं? त्यांचा यात काय संबंध? नामानिराळं राहण्यात गैर काय आहे, जर माणूस खरोखरच नामानिराळा असेल तर?

स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा फक्‌ आवाज झाला.

लिफाफा कधी उचलला ते त्यांना कळलं नाही. तो उजव्या हातात होता आणि ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. पातळ कागद. आत दोनच पानं असावीत. अर्धं मिनिट लागलं असतं... मग ना पत्र, ना तारीख, ना शिक्का. व्हरांड्यात कनक मुरमुरे खात बसली होती, गुळाबरोबर. चावण्याचा आवाज खिडकीतून इथपर्यंत येत होता.

हालिमा जमिनीवर विळीशी बसली होती. एका हातानं कोई राखेत घोळवायची, दुसऱ्या हातानं विळीच्या पात्यावर उलट घासून खवलं काढायची. मासा जिवंत. अर्धा सोललेला मासा तिच्या मुठीतून निसटला, फरशीवर आपटला आणि कल्ल्यांवर सरकत भिंतीपर्यंत गेला.

"मर मेल्या," ती म्हणाली आणि मग दाराकडे पाहिलं. "काय हवं, साहेब? चहा?"

"काही नाही. हा जरा... एक जुना कागद जाळायचा होता."

"जाळा की. पण राख मला द्या. राख संपत आलीय, आणि राखेशिवाय हे हातात राहत नाहीत."

तिनं खरंच थाळी पुढं केली. राखेची, रक्तानं जागोजाग ओली झालेली. शिकदारसाहेबांनी त्या थाळीकडे पाहिलं आणि त्यांना एकदम राग आला. तो कोणावर हे कळण्याआधीच लिफाफा शर्टाच्या खिशात कोंबून ते गुडघ्यांवर बसले होते.

"उठ. मी मारतो."

"तुम्ही? साहेब, कोई आहे ती. भल्याभल्यांचे हात फाडते."

"उठ म्हटलं ना."

सत्त्याहत्तर वर्षं. दावे, अपिलं, अकरा माणसं... आणि हातानं एक जीव कधी मारला नव्हता. मासा राखेतून उचलला तेव्हा तो गरम वाटला, हे विचित्र होतं. त्यांनी त्याचं डोकं पात्यावर टेकवलं आणि दाबलं. तो वाकला, शेपटी मनगटावर थडाथडा आपटली. त्यांनी आणखी जोर केला, दात आवळून, मर, मर ना, आणि डोकं अर्धं तुटून लोंबलं तरी तो तोंड उघडत होता, मिटत होता, उघडत होता. त्यांनी तो फरशीवर आपटला. पुन्हा आपटला. पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि हाणला, एकदा, तीनदा, किती वेळा, मासा केव्हाच संपला होता तरीही, आणि हालिमा भिंतीला टेकून "साहेब, बास... साहेब," म्हणत होती. तेव्हा कुठं दिसलं की आपला तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत उघडा पडलाय आणि त्यातून रक्त संथपणे खाली येतंय. दोन इंच बाय पाव इंच. खोली...

खोली मोजता येईना. आणि मोजता येईना म्हणूनच बहुधा ते आलं. शुक्रवार आला. त्या शुक्रवारचं ऊन आलं, हिरव्या कापडाचं टेबल, जुम्म्याच्या नमाजाला निघायची घाई, आणि बोरहान दारातून आत येतो, त्याच्या हातात एक पाकीट.

"सर, हे 'व्यक्तिगत' आहे, पण हरिणखोल्याचं आहे. आपलं गाव त्याच बाजूला ना? तिकडं निकालानंतर तणाव आहे म्हणतात. टोपलीत टाकण्याआधी म्हटलं, आपल्याला एकदा दाखवावं."

आणि मी ते हातात घेतलं.

हो, मी. बोरहान नाही. मी पाकीट हातात घेतलं, आणि 'शिकदार'मधला तो 'र' पाहिला. ज्या अक्षरानं माझ्या वहीवर 'उत्तर बरोबर, पद्धत लांबची' असं लिहिलं होतं ते अक्षर मी पाहिलं, आणि मला सगळं कळलं. मास्तर कधी मागत नाहीत. गूळ परत केला तरी रागावले नाहीत, तो माणूस मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पत्र लिहितो — तर कशासाठी लिहील? मला कळलं, आणि पुढचंही कळलं: उघडलं तर पोलीस पाठवावे लागतील, पाठवले तर उद्या जिंकलेले म्हणतील, म्हाताऱ्यानं स्वतःच्या मास्तरसाठी, हरलेल्यांच्या गावासाठी फौज पाठवली. नव्वदातले सहा दिवस उरले होते. नव्वद दिवस पांढरं ठेवलेलं कापड... मी पाकीट बोरहानला परत दिलं. वर हसलोही बहुधा.

"नियम सगळ्यांना सारखा, बोरहान."

"जी, सर." तो किंचित थांबला होता. तो थांबला होता, हे मी अकरा वर्षं विसरलो होतो.

दिलारानं पट्टी बांधली. शिकदारसाहेब पलंगाच्या कडेला बसले होते, आणि ती आयोडीन ओतताना नेहमीसारखी बोलत होती, जास्त बोलत होती, कारण घाबरली होती.

"जन्मात एक ढेकूण मारला नाहीत, आणि आज मासे मारायला निघालात. हालिमा अजून कापतेय. म्हणते, साहेबांना काहीतरी लागलंय."

"अकरा माणसं मारली मी."

"ती सरकारनं मारली."

"मग बारावा?"

दिलारानं वर पाहिलं. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं खटल्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. ती या घराची रीतच होती. तिनं गाठ मारली, जरा घट्टच. "ती बाहेरची बाई आत जेवायला येत नाही," ती म्हणाली. "ताट बाहेर नेऊन दिलं. कोईचं कालवण नको म्हणाली."

जेवण त्यांनाही गेलं नाही. दुपारभर ते खुर्चीत बसून राहिले. हात ठणकत होता, ठोक्या-ठोक्याला, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर फाइलीतली एकेक ओळ माप गळून पडल्यासारखी उघडी होत होती. पाच इंच बाय दीड इंच नव्हतं ते. ती मास्तरांची मान होती, जिच्यावर आंघोळीनंतर पाणी राहायचं, कारण त्यांना पुसायचा कंटाळा. उजव्या पंज्यावर तीन — तो पंजा खडू धरायचा. तीन वार पंज्यावर म्हणजे मास्तरांनी हात वर केला होता. वर्गात गप्प बसा म्हणून करायचे तसाच केला असेल काय... कनकनं मध्ये हात घातला तेव्हा तिला शाईतलं झुरळ आठवणं शक्य नाही, पण त्यांना आठवलं, आणि ते खुर्चीत बसल्या बसल्या ओरडले. लहानसंच. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

चारला पाच मिनिटं असताना मृधा आले. कधीकाळी शिकदारांच्या हाताखाली उमेदवारी केलेला माणूस. आता स्वतः निवृत्त, पोट सुटलेलं, पण खोलीत शिरताना अजून बूट दाराबाहेर काढणारा. बरोबर एक तरुण टंकलेखक. व्हरांड्यातल्या बाईकडे मृधांनी प्रश्नार्थक पाहिलं.

"तिलाही आत घ्या," शिकदारसाहेब म्हणाले. "कनक, ये. आता ये."

ती आली. बसली नाही, दाराच्या चौकटीशी उभी राहिली, चिखल वाळलेल्या पायांनी. शिकदारसाहेबांनी खिशातून लिफाफा काढून टेबलावर ठेवला. त्याला एका बाजूला रक्ताचं बोट लागलं होतं. खवलं मात्र अजून होतं.

कनकनं लिफाफ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पट्टीकडे, आणि मग जरासं खाली पाहिलं. हे पाकीट आपल्याला पुन्हा दिसेल याची तिला खात्री नव्हती, हे तेव्हा त्यांना कळलं. खात्री नसताना ती सात तास पायरीवर बसली होती.

मृधांनी कहाणी ऐकली, शिक्का पाहिला, तारीख पाहिली. मग हलक्या आवाजात, दोन बोटांनी लिफाफा किंचित लांब सारत म्हणाले, "सर, हे रेकॉर्डवर घ्यायलाच हवं का, ते आपण ठरवा. म्हणजे... बंद पाकीट आहे, कार्यालयानं परत केलेलं, आपल्या हातात आलेलं नाही, एवढं आपण सांगितलंत तरी पुरे. शिवाय बाई म्हणतायत तसं आत शाळेचंच असेल. छप्पर वगैरे."

छप्पर वगैरे. किती अदबीनं दार उघडून धरलं होतं मृधांनी. संशयाचा फायदा, शिकदारांनी स्वतः किती जणांना दिला होता तो. आणि काय सांगावं, आत खरोखरच छप्पर असेल. शाळेला पत्रे हवेत, रकीब, कुणाला सांगून बघ. असेलच. असू दे. या अल्ला, छप्परच असू दे, बाक असू देत, फळा असू दे... ते मनातल्या मनात इतक्या कळवळून मागत होते की त्या मागण्याचाच त्यांना धक्का बसला. निर्दोष माणूस असा मागत नाही. आत छप्पर निघालं तर ते सुटतील, आणि सुटले तर आजची दुपार, तो शुक्रवार, बोरहानचं ते थांबणं, सगळं पुन्हा टोपलीत जाईल. आणि आत काहीही असलं तरी शुक्रवारी त्यांनी जे केलं ते तेच होतं. पत्र वाचून नव्हतं केलं ते. अक्षर वाचून केलं होतं.

टंकलेखकानं कागद कापायची सुरी उचलली. "उघडू का, सर?"

"थांबा." आवाज कोर्टातला निघाला, आणि तो तसा निघाल्याची त्यांना लाज वाटली. "आधी लिहून घ्या. उघडल्यावर नको. आधी."

टंकलेखकानं मृधांकडे पाहिलं. मृधांनी जमिनीकडे.

"लिहा. शुक्रवारी हे पाकीट माझ्या हातात आलं होतं. अक्षर मी ओळखलं. कशाबद्दल असेल तेही मला कळलं. परत करायला मीच सांगितलं. बोरहाननं विचारलं होतं... ते लिहा. तो विचारायला थांबला होता."

यंत्राच्या कळा वाजू लागल्या. खून करणारी माणसं कबुलीनंतर शांत झोपतात, असं ते एकेचाळीस वर्षं पोलिसांकडून ऐकत आले होते. तसं काही झालं नाही. हात ठणकत होता. मृधांचा चेहरा पडला होता. आतल्या खोलीत दिलारा काहीतरी उचलून पुन्हा तिथंच ठेवत होती. कनक चौकटीशी होती. तिनं पदर ओढून अर्ध्या हातावर घेतला, आणि क्षमा म्हणावी असं त्या हालचालीत काहीच नव्हतं. ती कळांचा आवाज ऐकत होती, एवढंच, एकही चुकू नये म्हणून.

शेवटची ओळ संपली. टंकलेखक थांबला, सुरी हातात घेऊन. टेबलावर पाकीट अजून बंदच होतं, आणि शिकदारसाहेब — नाही, मी, सोळा वर्षांचा, मास्तरांच्या ओसरीवर पाटी घेऊन बसलेला मी — त्याच्याकडे पाहत होतो. आत छप्पर निघेल की विनवणी, याचं आता काही उरलं नव्हतं. मास्तरांनी मला काहीतरी लिहिलं होतं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला ते वाचावंसं वाटत होतं.